उरले बाराशे अडतीस

१२ फेब्रुवारी

गुंडे,

तुझी आई म्हणते, पत्राच्या वर आधी आशीर्वाद लिहायचा असतो. मी म्हटलं, तो कुठे पळून जातोय, शेवटी घालू. आधी ऐक तर.

आजी पत्र कशी लिहायला लागली म्हणून हसू नकोस. लिहिते आहे तुझी आई. मी खुर्चीत बसून नुसतं तोंड चालवते आहे, आणि ते काम मला आयुष्यात कधी जड गेलं नाही. आता विचारशील, फोन का नाही. रविवारी तुझी आई फोन माझ्या कानाला लावते, तू म्हणतेस, "बरी आहेस ना?", मी म्हणते, "बरी आहे," आणि मग दोघी फोनचा आवाज ऐकत बसतो. फोन काय, मनात आलं की ठेवता येतो. पत्र फेकून द्यायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर बातमी अशी की आम्ही घर सोडतोय. समोरची नवी इमारत उभी राहिली ना, तिथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. वर जायला उभी पेटी आहे. आत शिरायचं, बटण दाबायचं, पेटी आपली आपण वर. मी तुझ्या आईला म्हटलं, जन्मभर बटणं पॅक केली, आता बटणंच मला पॅक करून वर पाठवणार. ती हसली नाही. हल्ली ती माझ्या विनोदांना हसत नाही. दवाखान्याच्या खिडकीत दिवसभर केसपेपर लिहून लिहून तिचा चेहराही केसपेपरासारखा झालाय. (हेसुद्धा लिहायचं का, म्हणून विचारते आहे. लिही, लिही.)

डोळ्यांचं म्हणशील तर उजव्यात पडदा आलाय. खाली जिन्याजवळ चष्म्याचं दुकान आहे, त्या चष्मेवाल्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी म्हटलं, बाबा, डोळे चांगले होते तेव्हाही मला ती वाचता येत नव्हती, यात पडद्याचा काय दोष. मग त्यानं बोटं दाखवली. तेवढी मोजली.

घर आवरताना पलंगाखालची पत्र्याची पेटी निघाली. तिच्या झाकणावर आजोबांनी पांढऱ्या रंगानं काढलेला आकडा अजून आहे. नखानं खरवडून पाहिला, निघत नाही. आत पाटी होती, खळग्यांचा लाकडी ट्रे होता, आणि ती वही होती.

वही तुझ्या आईनं रद्दीच्या ढिगावर टाकली. टाकली कशी ते मी पाहिलं. आंघोळीला गेली तेवढ्यात मी ती काढून माझ्या उशीखाली ठेवली. आता हे लिहिताना तिला कळलं. कळू दे.

तू या घराचा उंबरा ओलांडून अकरा वर्षं झाली. आजोबांच्या शेवटच्या दिवशी आलीस, दारात उभी राहिलीस आणि चपलासुद्धा न काढता परत गेलीस. तुझी आई तुला जे बोलली ते मी ऐकलं होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते. शेजारी उभी होते, एवढंच आज सांगते.

घर सोडायच्या आधी एकदा येऊन जा, असं म्हणायला हे पत्र. नाही, खरं तर दुसरंच म्हणायला. पण तुझ्या आईचा हात दुखायला लागलाय.

आशीर्वाद आता घे.

आजी


२० फेब्रुवारी

गुंडे,

उत्तर आलं नाही. म्हटलं, एका पत्राला उत्तर द्यायला कोणाला वेळ असतो, दुसरं पाठवू.

तू तिकडे पोरांना आकडे शिकवतेस असं आई सांगत होती. मोठाल्या पोरांना. त्यांना सांगतेस का, की तू आकडे कुठे शिकलीस? खळग्यांच्या ट्रेवर, माझ्या मांडीला मांडी लावून. नसशील सांगत. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसानं बटणांचं नाव कशाला काढावं.

मी मात्र त्या दिवसांची आठवण काढते. तुझ्या आईला यातलं निम्मंच माहीत आहे, ती तेव्हा सकाळपाळीला जायची. तिलाही ऐकू दे.

कारखाना बंद झाला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आजोबा बटणांच्या ठप्पा मशीनवर मेकॅनिक, मी पॅकिंगला. मशीनच्या पोटावर काचेआड आकड्यांची आठ चाकं होती. एक बटण पडलं की शेवटचं चाक एक घर पुढे सरकायचं. शेवटच्या दिवशी मालकाच्या माणसानं वीज तोडली. सगळे भांडत होते. निम्मे म्हणत होते देतील ते घ्या, निम्मे म्हणत होते घेऊ नका. बत्तीस वर्षं एका डब्यातून जेवलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. आजोबा भांडले नाहीत. मशीनसमोर वाकले आणि चाकांवरचा आकडा तळहातावर लिहून घरी आले.

दोन कोटी सत्त्याहत्तर लाख सत्त्याऐंशी हजार एक्क्याण्णव.

त्यानंतर दोन महिने भिंतीकडे तोंड करून निजले. जेव म्हटलं तर जेवायचे, ऊठ म्हटलं तर उठायचे, एवढंच. मग एका सकाळी सहाला उठून बसले आणि मला म्हणाले, "अगं, एवढी बटणं सारख्या खोक्यांत भरायची झाली, एकही न उरता, तर किती खोकी लागतील?"

मी पॅकिंगची बाई. मला अक्षर कळत नाही, पण ट्रेवर बटणं ओतली की ती रांगांत कशी बसतील ते हात सांगायचे. आमच्यात आकड्यांना स्वभाव होते. बारा मनमिळाऊ, दोनात बसतो, तिनात, चारात, सहात. तेरा हट्टी, कसाही हलवा, एक तरी बटण रांगेबाहेर. आणि तू त्यात आणखी भर घातलीस. ज्या आकड्याचे सगळे लहान भाग, म्हणजे त्याला पुरे भागणारे लहान आकडे, एकत्र केले की बरोबर तोच येतो तो पुरता, जसा सहा. एक, दोन नि तीन. भाग जास्त झाले तर उतू जाणारा, जसा बारा, त्याचे होतात सोळा. कमी पडले तर तोकडा, जसा दहा. तू सगळ्या वाड्यावस्तीतल्या माणसांना ही नावं लावत फिरायचीस. घरमालक तोकडा. मी उतू जाणारी. आजोबा हट्टी.

तर हा मशीनचा आकडा कुठल्या जातीचा, हे शोधायचं ठरलं. शेवटी एक, म्हणून दोनानं नि पाचानं जात नाही. सगळे आकडे मिळवले की एक्केचाळीस, म्हणून तिनानं नाही. मग एकेक करून पुढे. आजोबांनी चाळणी लावून, म्हणजे एकेकाच्या पटीतले आकडे खोडत जाऊन, हट्टी आकड्यांची यादी केली. फक्त हट्ट्यांनीच भागून पाहायचं, कारण मनमिळाऊ त्यांच्यातूनच बनलेले. आणि पाच हजार दोनशे एकाहत्तरच्या पुढे जायचं नाही, कारण गुणून मशीनचा आकडा देणाऱ्या जोडीतला एक तरी त्याच्या आत सापडलाच पाहिजे. असे जवळजवळ सातशे हट्टी निघाले.

रोज सकाळी सहा ते सात. एक भागाकार ते पाटीवर करायचे, पुढचा मी तोंडी. माझ्या हातात बटणं, उरलेलं ट्रेवर हजार, शेकडा, दशक, एकक अशा चार ढिगांत मांडत जायची. त्यांचं ते स्वतः वहीत उतरवायचे. माझ्या तोंडचं तू. ते विचारायचे, "बोल, उरले किती?" मी सांगायची आणि तू जीभ बाहेर काढून लिहायचीस. माझी एकूण एक ओळ तुझ्या अक्षरात आहे. मला वाचता येत नाही, पण तुझं अक्षर ओळखू येतं. सात काढताना शेपटी खालच्या ओळीत जायची.

सव्वा वर्षं चाललं. साडेपाचशे हट्टी मागे पडले. मग यादीत चार हजार एकशे सत्तावीस आला

नाही. आज एवढंच. तुझी आई माझ्याकडे बघते आहे. तिला म्हटलं, दमले.

आजी


३ मार्च

गुंडे,

अक्षर वेगळं दिसेल. दचकू नकोस, तुझ्या आईला काही झालेलं नाही, ती दवाखान्यात गेली आहे. हे चष्मेवाले लिहितायत. मी दुकानात येऊन बसले आहे, समोर सगळीकडे नुसते डोळे नसलेले चष्मे आहेत आणि ते माझ्याकडे बघतायत. चष्मेवाल्यांना म्हटलं, मी सांगेन तसं लिहा, सुधारू नका. ते म्हणाले, "आजी, मी काच घासतो, बोलणं घासत नाही." माणूस बरा आहे. लिहील आणि विसरेल.

तर चार हजार एकशे सत्तावीस.

त्या सकाळी आजोबा म्हणाले, "आज जुळे आलेत. सत्तावीस नि एकोणतीस. कुठला घेतेस?" दोघेही हट्टी, मध्ये एकाच घराचं अंतर. मी धाकटा घेतला. त्यांनी मोठा घेतला आणि पाटी घेऊन खिडकीशी गेले. तू नऊ वर्षांची, वही मांडीवर घेऊन पेन्सिल चावत होतीस. मी एकोणतीस घेतला असता तर आज आपण दोघी कुठे असतो, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही.

मी भागत गेले. उरले बाराशे अडतीस, आणि खाली घ्यायचा शेवटचा आकडा, एक. झाले बारा हजार तीनशे एक्क्याऐंशी. गुंडे, हाच आकडा मी एका श्वासापूर्वी वजा केला होता. चार हजार एकशे सत्तावीस त्रिक. तोंडात त्याची चव अजून होती. बटणं हातात होती, ढीग मोडायचेसुद्धा बाकी होते, आणि मला दिसलं की आता काही उरत नाही.

आकडा फुटला होता. सव्वा वर्षानं मला सापडला होता, मला, अंगठेबहाद्दर बाईला. आनंदानं ओरडायला पाहिजे होतं.

मी खिडकीकडे पाहिलं. ते पाटीवर वाकून शीळ घालत होते. कारखाना बंद झाल्यापासून त्यांची शीळ मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांना तो आकडा हट्टी निघायला हवा होता. कारखाना फुटला, माणसं फुटली, हा तरी फुटू नये, असं ते रोज म्हणायचे. आत्ता मी शून्य म्हटलं की वही आज मिटणार आणि उद्या ते पुन्हा भिंतीकडे तोंड करणार.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. चांगलं आहे, मलाही आवडतं. दुसरंही होतं. वही मिटली की उद्या सकाळी सहाला मला कोणी "बोल, उरले किती?" विचारणार नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला हजार प्रश्न विचारले. मीठ किती, कपडे वाळले का, पोर का रडतं. पण उत्तर त्यांना ठाऊक नाही आणि मलाच ठाऊक आहे, असा एकच प्रश्न होता. तो मला उद्याही हवा होता.

ते खिडकीतून म्हणाले, "माझे उरले तीन हजार पन्नास. तुझे बोल."

मी म्हटलं, "बाराशे अडतीस."

खोटंसुद्धा धड बोलले नाही, बघ. एक पायरी आधी थांबले, इतकंच. तू लिहिलंस.

पुढे आणखी साडेतीन महिने आम्ही भागत राहिलो आणि मला माहीत होतं की आता काहीच सापडणार नाही. तरी रोज सहाला मी आंघोळ करून, केस विंचरून तयार. यादी संपली त्या दिवशी त्यांनी पेटीच्या झाकणावर तो आकडा रंगवला. कारखान्यातले दोन्हीकडचे लोक येऊन तो बघून गेले. एकमेकांशी न बोलणारे दोघं त्या झाकणापुढे बोलले. मग मी तोंड कसं उघडणार होते.

दहा वर्षं गेली. तू कॉलेजातून धावत आलीस. आजोबांकडे जुने दोघं-तिघं बसले होते. तू दारातूनच म्हणालीस, "आजोबा, तो एकटा नाहीये. दोन हट्टी हातात हात घालून बसलेत, आपण त्यांना एकच समजत होतो." चार हजार एकशे सत्तावीस नि सहा हजार सातशे तेहेतीस. किती आनंदात होतीस. आजोबांनी पाटी घेतली, भागलं, शेवटी शून्य काढलं. मग म्हणाले, वही आणा.

वहीत तुझ्या अक्षरात बाराशे अडतीस.

त्यांनी मला विचारलं, "तू काय सांगितलं होतंस?"

चष्मेवाले थांबलेत. लिहा हो. मी म्हटलं, "मी शून्य सांगितलं होतं. पोरीनं काहीतरी अर्धवट लिहून ठेवलं असेल."

खोलीत चार माणसं होती, तुझी आई चहा घेऊन दारात उभी होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलेल. तू बोलली नाहीस. आजोबा म्हणाले, "असू दे, लहान होती," आणि वही मिटली. त्यांनी पुन्हा पाटीला खडू लावला नाही. चार महिन्यांनी गेले. आणि त्या दिवशी दारात तुझी आई तुला म्हणाली, "एका आकड्यापायी तूच घालवलंस त्यांना. चूकही तुझी, आणि ती चारचौघांत मिरवलीस पण तूच." मी शेजारी उभी होते. पहिल्या पत्रात एवढंच सांगितलं होतं ना, त्याच्या पुढचं आता सांगितलं.

तुझा हात चुकला नव्हता. तू ऐकलंस तेच लिहिलंस. मला लिहिता येत नाही, म्हणून जिनं माझ्यासाठी लिहिलं तिच्यावरच मी ढकललं. हे चष्मेवाल्यांसमोर सांगायला सोपं गेलं. त्यांना फक्त माझ्या डोळ्यांशी देणंघेणं आहे.

तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस. मला तिच्याच हातचं खायचं आहे आणि तिच्याच हाताला धरून त्या पेटीतून वर जायचं आहे.

आजी


१७ मार्च

गुंडे,

अक्षर ओळखलंस? आईचंच आहे.

तू मोठी हुशार. मीही स्वतःला कमी समजत नव्हते, पण एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही. गुपित पाठवायला मला परका माणूस मिळाला, पण तुझं उत्तर आलं ते घरी. आणि मला आलेलं पत्र वाचतं कोण? आईनं पाकीट उघडलं, नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागली. दोनच ओळी होत्या.

"आजी, मला तेव्हाच माहीत होतं. तू शून्य म्हणाली असतीस, तर बाराशे अडतीस मी आणले कुठून? हे पत्र आईच्या हातचं का नाही?"

आई वाचता वाचता थांबली. मग परत पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुठलं पत्र?"

दोन दिवस मी आजारी पडून पाहिलं. ताप येईना. काल सांगितलं, पेन घेऊन बस, मला लिहायचंय. तिसऱ्या पत्रात चष्मेवाल्यांनी लिहिलं होतं ते सगळं तिला पुन्हा सांगितलं, ओळीनं, खिडकी, शीळ, केस विंचरणं, काही वगळलं नाही. ती लिहीत होती. "मी शून्य सांगितलं होतं" इथपर्यंत आली आणि तिनं पेन खाली ठेवलं. उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी भरल्याचा आवाज आला, भांडं उगाच दोनदा घासल्याचा आला. मला वाटलं, आता माझी गठडी बांधणार. बांधलेल्या गठड्या घरात आहेतच म्हणा, आणखी एक.

परत येऊन बसली. म्हणाली, "आई, मी तिला दारातून परत पाठवली हो. तिला आत ये म्हटलं नाही."

मी म्हटलं, "मी तिथेच होते."

"तुम्ही तिथेच होतात," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. याहून जास्त बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

ते सगळे कागद तिनं फाडले. म्हणते, हे गुंडीला माहीत आहे, पुन्हा कशाला. माहीत व्हायला पाहिजे होतं ते मला, असंही म्हणाली. तेव्हा हे आज नव्यानं लिहितोय. तिला तुला काय म्हणायचंय ते ती वेगळ्या पत्रात लिहील. मी सांगितलंय, माझ्या पत्रात गर्दी करू नकोस.

पण तुझ्या त्या ओळीनं मला झोपू दिलेलं नाही. बाराशे अडतीस मी आणले कुठून. खरंच की. तू नुसतं उत्तर लिहायचीस, भागाकार माझ्या डोक्यात. शेवटच्या आधीची पायरी नऊ वर्षांच्या पोरीला कशी दिसणार? ती माझ्या तोंडूनच आलेली असणार. हे तुला एका नजरेत कळलं, मग जन्मभर मशीनच्या चाकांशी खेळलेल्या माणसाला कळलं नसेल? त्यांनी नुकताच तो भागाकार पाटीवर केला होता. बाराशे अडतीस त्यांच्या खडूखालून क्षणापूर्वी गेले होते. आणि मी खरंच शून्य म्हटलं असतं तर वही त्याच सकाळी मिटली असती, पुढचे साडेतीन महिने भागत कोण बसलं असतं?

"असू दे, लहान होती," म्हणाले ते तुला नव्हे. मला पांघरूण घालत होते.

आणि ते चार महिने. रोज सकाळी सहाला उठून माझ्यासमोर बसायचे. पाटी कोरी. काही लिहायचे नाहीत, नुसते बघायचे. मला वाटायचं, आकडा फुटल्याचं दुःख आहे. मी म्हणायची, "चहा निवतोय." ते प्यायचे. आकडा फुटल्याचं त्यांना काही नव्हतंच, गुंडे. पाटीवर शेवटचं शून्य काढताना ते हसले होते, मी पाहिलं होतं. ते मी बोलायची वाट बघत होते. त्यांनाही उत्तर माहीत होतं, तरी विचारत बसले होते, उरले किती. एकशेवीस सकाळी. इतक्या हिशेबी बाईला हे अकरा वर्षं सुचलं नाही असं नाही. मी सुचू दिलं नाही.

तूही तेच करत होतीस ना? दर रविवारी. "बरी आहेस ना?"

आजोबांना आता सांगता येत नाही. तुला सांगून झालं, पण ते लपून सांगितलं, त्याला काही अर्थ नव्हता. म्हणून आता तो राहिलेला भागाकार इथे करते, तुझ्या आईसमोर, मोठ्यानं. ट्रे मांडीवर आहे. एका डोळ्यावर पडदा आहे, पण बटणं हाताला दिसतात.

लिही गं. पहिले पाच आकडे, सत्तावीस हजार सातशे सत्त्याऐंशी. त्यात चार हजार एकशे सत्तावीस जातात सहा वेळा. चोवीस हजार सातशे बासष्ट वजा. उरले तीन हजार पंचवीस. शून्य खाली. तीस हजार दोनशे पन्नास. साती. अठ्ठावीस हजार आठशे एकोणनव्वद वजा. उरले तेराशे एकसष्ट. नऊ खाली. तेरा हजार सहाशे एकोणीस. त्रिक. बारा हजार तीनशे एक्क्याऐंशी वजा. उरले बाराशे अडतीस.

इथे मी थांबले होते. आजही थांबले, पाणी प्यायला.

एक खाली घे. बारा हजार तीनशे एक्क्याऐंशी. पुन्हा त्रिक. बारा हजार तीनशे एक्क्याऐंशी वजा.

तुझी आई उत्तर लिहायला निघाली होती. मी तिचा हात धरला. माझं म्हणून दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं आतापर्यंत पुष्कळ झालं. तिनं पेन माझ्या मुठीत दिलंय. ट्रेमधलं एक बटण कागदावर ठेवलंय, कोटाचं, मोठं, कड नीट हाताला लागते. त्याच्याभोवती फिरवते. पुढचं अक्षर माझं आहे, वाकडं आलं तर माझं वाकडं.

उरले

०